लेखकाचा चरित्रपट : कल्पनेआधी तिला अडवणारे वास्तव उभे करा

आपल्या मंडळाने कळवले आहे की चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू, यांच्या आयुष्यावर वेंगुर्ले-कुडाळ परिसरातच चित्रीकरण करून साधारण दीड तासाचा चित्रपट करण्याचा विचार आहे. त्याची तयारी म्हणून आपण सर्वांनी 'फाइंडिंग नेव्हरलँड' पाहिला आणि त्यानंतर तीन प्रश्न विचारले : लेखकाची कल्पनाशक्ती पडद्यावर दाखवायची कशी, त्यासाठी लागणारा पैसा हाताशी नसेल तर काय करायचे, आणि चरित्रातील घटना कितपत बदललेल्या चालतात. संहिता आणि पटकथा लिहिण्यात व दुसऱ्यांच्या दुरुस्त करण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, त्यामुळे त्यांची उत्तरे सुटी सुटी न देता सलगच देतो.

आधी त्या चित्रपटाविषयी. मार्क फोर्स्टर दिग्दर्शित हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. अ‍ॅलन नी यांच्या नाटकावरून डेव्हिड मगी यांनी त्याची पटकथा लिहिली. 'पीटर पॅन' या नाटकाचे लेखक जे. एम. बॅरी यांची भूमिका जॉनी डेप यांनी, तर सिल्व्हिया ल्युवेलिन डेव्हिस यांची भूमिका केट विन्स्लेट यांनी केली. सात ऑस्कर नामांकनांपैकी पारितोषिक एकच मिळाले आणि तेही संगीताला. 'पीटर पॅन'चा पहिला प्रयोग लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये २७ डिसेंबर १९०४ रोजी झाला. सिल्व्हिया यांच्या मुलांच्या सहवासातून ते नाटक कसे जन्माला आले, ही चित्रपटाची गोष्ट आहे. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत उपयुक्त प्रसंग सुरुवातीलाच येतो आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आलेला नसावा.

बॅरी बागेत आपल्या भल्यामोठ्या कुत्र्याला घेऊन आलेले आहेत. ते मुलांना सांगतात की आता मी या अस्वलाबरोबर नाचून दाखवणार आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर कशावरही विश्वास ठेवायचा नाही असे ठरवून बसलेला सिल्व्हिया यांचा मुलगा पीटर म्हणतो, हा तर नुसता कुत्रा आहे. बॅरी त्याचे म्हणणे खोडून काढत बसत नाहीत, ते कुत्र्याचे पुढचे पाय हातात घेऊन नाचू लागतात, आणि मग संकलक आपल्याला बागेतून सर्कशीच्या रिंगणात आणि रिंगणातून पुन्हा बागेत नेत राहतो. या प्रसंगाचे श्रेय लोक सहसा रिंगणाला देतात. माझ्या मते ते पीटरच्या नकाराला द्यायला हवे. तो मुलगा तिथे नसता तर कुत्र्याचे अस्वल होणे ही एक गोड करामत ठरली असती. तो तिथे तोंड फिरवून बसलेला आहे, म्हणूनच बॅरींना कल्पना करण्यासाठी काही तरी पणाला लावावे लागते. पडद्यावर कल्पनाशक्तीचे बळ तिला किती विरोध होतो यावरूनच प्रेक्षकाला कळते, आणि हा विरोध उभा करायला पैसा नव्हे, पटकथा लागते.

त्याच चित्रपटात उलट उदाहरणेही आहेत. मुले चाचे होऊन खेळतात तेव्हा आपल्याला थेट शिडाच्या जहाजावर नेले जाते. पोशाख, दोरखंड, डोलणारी डेक, सगळे काही पुरवले जाते. प्रसंग देखणा आहे, पण पाहताना मन स्वस्थ राहते, कारण त्या खेळाला कोणी आडवे आलेले नाही आणि प्रेक्षकाने करायचे काहीच शिल्लक ठेवलेले नाही. याउलट बॅरी आणि त्यांची पत्नी रात्री आपापल्या खोल्यांची दारे उघडतात तो शॉट पुन्हा एकदा पाहा. तिच्या दारामागे अंधारी खोली आहे आणि त्यांच्या दारामागे ऊन पडलेले मोकळे रान. एकही संवाद नाही. एका लग्नाची सगळी अवस्था आणि कल्पनेत राहणाऱ्या माणसाचा स्वार्थीपणासुद्धा त्या दोन दारांत सांगून झाला आहे. आजी मुलांना दटावत असताना तिच्या हातातला कोट टांगायचा हुक क्षणभर दिसतो आणि नाटकातला चाचा कॅप्टन हुक कुठून आला हे उमगते, तोही असाच चोख शॉट आहे. वापरातली वस्तू, तिच्याकडे लेखकाची गेलेली नजर आणि पुढे तिचे काय झाले याचा नुसता इशारा, एवढी सामग्री आपल्याला पुरेशी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आपल्या दाराशीच आहे. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार होतो, त्यात रंगमंचावर काय काय असते ते एकदा चित्रपटवाल्याच्या नजरेने मोजून पाहा. एक लाकडी बाकडे, मागे एखादा पडदा, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. ते बाकडे राजाचे सिंहासन होते, थोड्या वेळाने तेच रथ होते आणि गरज पडली तर डोंगरही होते. आख्यानाचे संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा ठरवून नट ते रंगमंचावरच रचतात. समोर बसलेल्या माणसाला ते बाकडेच आहे हे पक्के ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही तो त्याला सिंहासन मानतो, कारण त्यावर बसणारा नट ते इतक्या गांभीर्याने सिंहासन मानतो की न मानणे अवघड व्हावे. पहाटे तोच राजा बाजूला बसून रंग पुसताना आणि पेटाऱ्यात मुकुट ठेवताना दिसतो, त्याने कोणाचाही रसभंग होत नाही. कल्पना आणि वास्तव एकाच चौकटीत ठेवण्याची ही रीत आपल्या कलावंतांना अंगवळणी पडलेली आहे, तेव्हा व्हीएफएक्सचे, म्हणजे संगणकाने रचलेल्या दृश्यांचे, दरपत्रक मागवण्याआधी दोन-तीन जत्रांतले प्रयोग शेवटपर्यंत बसून पाहावेत. चित्रपटात दशावताराचे दृश्य घालावे असे मात्र मी म्हणत नाही. प्रादेशिक चित्रपटात लोककलेचा एक तुकडा शोभेसाठी घालण्याची जी प्रथा पडली आहे तिचा मला मनापासून कंटाळा आहे. घ्यायची ती रीत.

आता तिसरा प्रश्न, आणि यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण आपल्याला आवडलेल्या चित्रपटाने इथे जी वाट धरली ती आपण धरू नये असे मला वाटते.

चित्रपटात बॅरी मुलांना भेटतात तेव्हा सिल्व्हिया विधवा असतात. प्रत्यक्षात ही ओळख १८९७ च्या सुमारास केन्सिंग्टन गार्डन्समध्ये झाली, तेव्हा त्यांचे पती आर्थर हयात होते; ते १९०७ साली जबड्याच्या कर्करोगाने गेले, म्हणजे 'पीटर पॅन' रंगभूमीवर आल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. सिल्व्हिया यांचे निधन १९१० मध्ये झाले. मुले चार नव्हे तर पाच होती. सर्वांत धाकटा निको १९०३ साली जन्मला आणि चित्रपटातून तो वगळला गेला. चित्रपटाच्या आरंभी बॅरी पडलेल्या नाटकामुळे खचलेले दिसतात, पण खऱ्या आयुष्यात 'द अ‍ॅडमिरेबल क्रायटन'सारख्या नाटकांमुळे १९०२ पासूनच ते लंडनचे नावाजलेले नाटककार होते.

या सर्व बदलांना मी एकाच मापाने तोलत नाही. पाच मुलांची चार करणे, काही वर्षांचा काळ एका हंगामात बसवणे ही पटकथेची गरज असते आणि त्याबद्दल कोणी फार तक्रार करू नये. बॅरींनी स्वतःच १९२८ साली नाटक छापताना अर्पणपत्रिकेत लिहिले आहे की दोन काटक्या एकमेकींवर घासून ठिणगी काढावी तसा या पाच मुलांना एकमेकांवर घासून मी पीटर घडवला. तेव्हा एका मुलात अनेकांचे गुण एकत्र करण्याची मुभा मूळ लेखकाकडूनच मिळालेली आहे. आर्थर यांना आधीच मृत ठरवणे ही गोष्ट वेगळी आहे. ज्या घरात धडधाकट, समजूतदार बाप आहे त्या घरात एक मूलबाळ नसलेला प्रसिद्ध लेखक रोज येतो, मुलांना गोष्टी सांगतो, त्यांच्या खेळांचा नायक होतो, आणि बाप ते पाहत असतो. ही परिस्थिती अवघड आहे, अवघडलेपणाची आहे, आणि कल्पनाशक्ती दुसऱ्याच्या संसारात कुठवर शिरू शकते हा प्रश्न तिच्यात ठासून भरलेला आहे. चित्रपटाने बाप काढून टाकला आणि त्याबरोबर तो प्रश्नही गेला. उरलेल्या घरात बॅरींच्या कल्पनेची नुसती गरजच गरज आहे. त्यामुळे चित्रपट हळवा झाला, लोकांना आवडलाही, पण त्याच्या मध्यभागी जी धग असायला हवी होती ती राहिली नाही. चरित्र बदलताना मी लावतो ती कसोटी यातूनच आली आहे : काळ आणि क्रम बदला, दोन माणसांचा एक माणूस करा, पण नायकाच्या वाटेत खरोखर उभे असलेले माणूस किंवा परिस्थिती केवळ आपली सोय म्हणून हलवू नका.

दोन घटना मुद्दाम सांगतो, कारण खरे कागद वाचल्याने पटकथेला काय मिळते हे त्यांतून दिसेल. चित्रपटाच्या शेवटाकडे आजारी सिल्व्हिया यांच्यासाठी नाटक त्यांच्या घरातच आणले जाते, भिंत बाजूला होते आणि सिल्व्हिया नाटकातल्या नेव्हरलँड या कल्पित बेटावर चालत जातात. प्रत्यक्षात १९०६ साली मायकेल हा मुलगा आजारी असताना बॅरींनी नाटकातले नट आणि देखाव्याचे साहित्य त्याच्या खोलीत नेले होते. पटकथाकाराने प्रेक्षक बदलला, मुलाच्या जागी आईला बसवले. हा बदल मला मान्य आहे. घरात नाटक नेणे ही मूळ कृती खरी आहे आणि मरणाच्या उंबरठ्यावरच्या बाईपुढे कल्पनेची कसोटी अधिकच कडक होते. दुसरी घटना चित्रपटात नाही. सिल्व्हिया यांनी मृत्यूपूर्वी लिहून ठेवलेल्या इच्छेत, मुलांच्या दाईच्या सोबतीला तिची बहीण 'जेनी' हिने यावे असे म्हटले होते. बॅरींनी त्या कागदाची आपल्या हाताने जी नक्कल केली तिच्यात त्या जागी 'जिमी' आहे, म्हणजे ते स्वतः. हे वाचताना चुकून झाले की मनाने आपोआप करून घेतले, हे कोणाला सांगता येणार नाही, आणि पडद्यावर ते सांगण्याची गरजही नाही. टेबलावर एक कागद, दुसऱ्या कागदावर नक्कल करणारा हात, आणि एक नाव. चित्रपटात मृत्युपत्राने सरळपणे मुलांचे पालकत्व बॅरी आणि आजी यांच्याकडे येते, त्यापेक्षा हा प्रसंग किती तरी मोलाचा होता. कल्पनेत रमणाऱ्या माणसाविषयी इतके बोलके दृश्य मला तरी लिहिता आले नसते.

आता आपल्या विषयाकडे येऊ. खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० चा, वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांची राई या गावचा. चरितार्थासाठी त्यांनी कुडाळात खानावळ चालवली, १९५४ साली त्यांची कविता 'सत्यकथा' मासिकात आली, पुढे ते मुंबईला गेले, आणि १९७६ साली वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपण पाठवलेल्या आराखड्यात पहिली वीस मिनिटे समुद्रकिनारा, माड, संध्याकाळ आणि त्यात एकटा चालणारा कवी अशी आहेत, आणि खानावळ एका मिनिटात उरकली आहे. हे प्रमाण उलटे करावे, असा माझा आग्रह आहे. किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाला कविता सुचली तर त्यात नवल ते काय, आणि असा माणूस तर पर्यटनाच्या जाहिरातीतही दिसतो. कवितेला आडवी येते ती खानावळ. पेज उतू जाते आहे, बांगडे आले नाहीत म्हणून आमटीवर भागवायचे आहे, महिनेवारी जेवणाऱ्यांपैकी कोणाची उधारी थकली आहे, गल्ल्यात किती जमले याचा हिशेब रात्री व्हायचा आहे, आणि या सगळ्याच्या मध्ये बसलेला तरुण आपल्या डोक्यात चाललेल्या ओळीला सांडू न देता ताट वाढतो आहे. टपालाने 'सत्यकथे'चा अंक येतो तोही याच जागी दाखवा, भर जेवणाच्या वेळी, म्हणजे पाकीट फोडायलाही उसंत मिळू नये. अमुक दिवशी असेच घडले याचा पुरावा मी देत नाही. हा पटकथेचा तर्क आहे, पण ज्या दोन गोष्टींवर तो उभा आहे, ती खानावळ आणि ती कविता, त्या दोन्ही खऱ्या आहेत. अशी जोडणी चरित्रपटाला करावीच लागते.

कवीच्या तोंडी कविता घालून मागे बासरी वाजवण्याचा मोह टाळावा. 'फाइंडिंग नेव्हरलँड'मध्ये बॅरी आपल्या लहानपणची सर्वांत खोल जखम सिल्व्हिया यांना सांगतात : थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर पडून गेला, आईने अंथरूण धरले, आणि तिला बरे वाटावे म्हणून लहानग्या जेम्सने मेलेल्या भावाचे कपडे घातले. हा प्रसंग खरा आहे, १८६७ सालचा. दिग्दर्शकाने इथे भूतकाळ उभा केला नाही, नुसते बोलणारे माणूस आणि ऐकणारे माणूस दाखवले, आणि ज्या चित्रपटाला जहाज बांधणे परवडले त्याने इथे हात आखडता घेतला हे फार बरे झाले. आपल्याकडेही कवितेच्या मुळाशी जो प्रसंग असेल तो सांगण्यातून येऊ द्या, कविता नंतर येऊ द्या, आणि दोहोंमधला धागा प्रेक्षकाला जुळवू द्या.

समुद्र अजिबात दाखवू नका असे माझे म्हणणे नाही. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा नावाचा किनारा खरोखरच आहे, आणि त्याच नावाची कादंबरी खानोलकरांनी लिहिली आहे, जिच्यावरून पुढे श्याम बेनेगल यांनी चित्रपटही केला. तेव्हा एका खऱ्या खडकाळ जागेचे गूढ दैवत कसे होते हे दाखवण्याची अशी संधी फार थोड्या चरित्रपटांना मिळते. ती जागा चित्रपटात दोनदाच यावी : पहिल्यांदा भर दुपारी, सपाट उजेडात, कुठलेही संगीत न लावता, जशी आहे तशी, आणि दुसऱ्यांदा लेखन चालू असताना, केवळ आवाजाने. पडद्यावर कंदील, कागद आणि लिहिणारा हात असावा, आणि ध्वनिपट्टीवर खडकात शिरून परत फिरणारे पाणी. ध्वनी हा आपल्यासारख्यांचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताकदीचा व्हीएफएक्स आहे. त्यासाठी एक चांगला ध्वनिमुद्रक चार दिवस जास्त ठेवावा लागला तर ठेवा, ड्रोनचे भाडे वाचवा. कौलांवरचा पाऊस मात्र खऱ्या पावसाळ्यातच ध्वनिमुद्रित करून घ्यावा, कारण बाजारात मिळणारे पावसाचे तयार आवाज कोकणच्या पावसाला लागू पडत नाहीत. मृगापासूनचा आणि श्रावणातला पाऊससुद्धा कौलांवर एकसारखा वाजत नाही, हे आपल्या प्रेक्षकाला कानाने ठाऊक असते. चित्रीकरण दिवाळीनंतर ठेवले तरी आवाज आधी गोळा करता येतात.

हक्कांविषयी थोडक्यात, पण गंभीरपणे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लेखनावर स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे खानोलकरांच्या कविता, कादंबऱ्या आणि नाटके २०३६ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. आयुष्यातील जाहीर घटना सांगायला हक्क लागत नाही, पण कवितेची एकेक ओळ पडद्यावर उच्चारायला वारसांची लेखी परवानगी लागते, आणि ज्या कादंबऱ्यांवर आधीच चित्रपट झाले आहेत त्यांचे चित्रपटहक्क दुसऱ्या कोणाकडे असण्याचा संभव आहे, तेही तपासून घ्यावे. बॅरींनी 'पीटर पॅन'चे हक्क १९२९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयाला दिले होते. चित्रपटाचे हक्क निराळ्या कंपनीकडे असल्याने चरित्रपटवाल्यांना नाटकातले प्रसंग वापरण्यासाठी तिच्याशी बोलणी करावी लागली. हयात नातेवाइकांना संपूर्ण पटकथा चित्रीकरणापूर्वी वाचून दाखवावी. त्यांनी आक्षेप घेतला म्हणून प्रसंग काढलाच पाहिजे असे नाही, पण त्यांना तो पहिल्यांदा चित्रपटगृहात कळणे योग्य नाही, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात, जिथे प्रत्येकाची प्रत्येकाशी सोयरीक किंवा वळख असते, ते परवडणारेही नाही.

राहिला शेवट. 'फाइंडिंग नेव्हरलँड' सिल्व्हिया यांच्या मृत्यूनंतर लगेच, पीटर आणि बॅरी बागेत बोलत असताना थांबतो. पुढे थोरला जॉर्ज १९१५ साली युद्धात मारला गेला, मायकेल १९२१ मध्ये बुडून गेला, आणि ज्याच्या नावाचे ओझे आयुष्यभर वाहिले त्या पीटरने १९६० साली आत्महत्या केली. यातले काही दाखवले नाही म्हणून मी चित्रपटाला दोष देणार नाही, कारण त्याने मृत्यू टाळलेला नाही, फक्त कुठे थांबायचे ते ठरवले आहे. शिवाय पहिल्या प्रयोगाच्या रात्री पीटर जेव्हा म्हणतो की पीटर पॅन मी नाही, हे (बॅरी) आहेत, तेव्हा त्या ओझ्याची पुसट जाणीव देऊन झालेली असते. आपल्या आराखड्यात शेवटी काळ्या पडद्यावर मजकूर येतो की 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला १९७८ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही माहिती खरी आहे, पण ती काढावी. पुरस्काराने शेवट केला की आधीची सगळी खानावळ, सगळी उधारी आणि सगळी ओढाताण ही त्या पुरस्काराची पूर्वतयारी होऊन बसते, आणि तसे आयुष्य कोणीही जगत नाही. मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी खानावळीचे शेवटचे हिशेब चुकते होतात, तिथे मी थांबलो असतो; मुंबईचा सगळा काळ मग दीड तासात कोंबावा लागणार नाही आणि खर्चही निम्म्याने उतरेल. पुढचा खर्डा करताना आधी फक्त खानावळीतले प्रसंग लिहून काढा आणि ते कॅमेऱ्याविना, एक बाकडे व चार ताटे घेऊन, मंडळाच्या तालमीच्या जागेत उभे करून पाहा. तिथे जो प्रसंग नुसत्या बोलण्यावर आणि हालचालीवर उभा राहत नाही, तो कितीही सुंदर जागी चित्रित केला तरी उभा राहणार नाही. असे प्रसंग वगळून जे उरेल ते मला पाठवावे.